कृष्णाबाईचा पाय मावेल अशी गाडी

मार्गशीर्षातली ती पंचमी पार पडली आणि मला पुन्हा शांत झोप लागायला लागली. त्याआधीचे तीन आठवडे पुंडलिक घरतने माझं डोकं खाल्लं होतं. मी गडबचा हरेश पाटील, एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होतो. त्यातली अकरा वर्षं पेण-जोहे गाडी माझ्याकडे होती. पुंडलिक जोह्याचा, गणपतीचा कारखानदार. त्याच्या दारासमोरच गाडी वळवायची जागा, त्यामुळे तिथे चहा ठरलेला, आणि चहामुळे मैत्री. मी निवृत्त झालो तरी गडबपासून जोह्यापर्यंत कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की मला बोलावणं येतं. मी कुरकुर करत जातो. बोलावलं नाही तर मात्र मला राग येतो.

पुंडलिकला हवी होती जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी, दगडधोंड्यांतून वर चढणारी गाडी. जोह्यात असली गाडी कोणी घेत नाही. इथल्या कारखानदाराला टेम्पो लागतो. पण पुंडलिकला गणपती न्यायचे नव्हते, बायकोला न्यायचं होतं.

कृष्णावहिनी ही जोह्यातली नावाजलेली आखणीवाली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. हात हलला की मूर्ती बिघडली. आठ वर्षांपूर्वी श्रावणात कारखान्यातली एक फळी मूर्तींसकट कोसळली ती वहिनींच्या डाव्या गुडघ्यावर. डॉक्टरांनी पाय वाचवला, त्यांचे उपकारच आहेत, पण गुडघ्याचं वाकणं कायमचं गेलं. मांडीपासून टाचेपर्यंत पाय एका रेषेत. त्या चालतात, उभ्याने स्वयंपाक करतात, उंच स्टुलावर बसून आजही डोळे काढतात. फक्त गाडीत बसायचं झालं की पंचाईत. रिक्षात बसल्या तर पाय बाहेर राहतो आणि समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला त्याच्याकडे बघत जातो.

त्यांची एकुलती एक मुलगी पूजा रोह्याच्या पलीकडे डोंगरावरच्या एका वाडीत दिलेली आहे. जावई साईराजची काजूची बाग आहे. डांबरी रस्ता खालीच संपतो. तिथून वर साडेतीन किलोमीटर लाल मातीची चढण, मध्ये दोन ओढे, आणि पावसाने दरवर्षी नव्याने पाडलेले चर. पूजाच्या लग्नानंतर वहिनी एकदाच वर गेल्या होत्या, त्या खुर्चीला दोन बांबू बांधून, चौघांच्या खांद्यावर. त्या भागात आजारी माणसाला असंच खाली आणतात. वाडीच्या तोंडाशी एका म्हातारीने विचारलं, "कोन आजारी हाय गो?" वहिनींनी ते ऐकलं. घरी परत आल्यावर त्यांनी सांगून टाकलं की यापुढे वर जाईन तर चारचौघांसारखी बसून जाईन, नायतर पूजाच इकडे येईल.

चार वर्षं पूजाच येत राहिली. पण यंदा तिने आणि साईराजने वर नवं घर बांधलं आणि मार्गशीर्षातल्या पंचमीला वास्तुशांत ठरवली. फोनवर ती बापाला म्हणाली, "बाबा, नव्या घरात दूध उतू जाईल ते आईच्या हातानं. आई नाय आली तर मी गॅस पेटवणार नाय." पोरगी आईवर गेलेली आहे. ती बोलली म्हणजे तसंच करणार, हे पुंडलिकला ठाऊक होतं. त्याच दुपारी त्याने मला फोन केला.

आधी आम्ही वहिनींना घेऊन पेणमध्येच एका जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर गेलो. तिथल्या विक्रेत्याने त्यांना चढताना पाहिलं, पाय दारात अडलेला पाहिला, आणि म्हणाला, "आजींना मागं आडवं टाका ना. उशी देतो मी."  घरी आल्यावर वहिनी पुंडलिकला म्हणाल्या, "गाडी दारात आणा, मग बसून बघते. लोकांसमोर माझं माप काढायचं नाय." हे बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच आम्ही दोघांनी ते मुकाट मान्य केलं.

आता माणूस न नेता माणसाच्या मापाची गाडी कशी शोधायची? दुसऱ्या कुणी मीटर-टेप घेतली असती. पुंडलिक पडला मूर्तिकार. चार दिवसांनी त्याने मला कारखान्यात बोलावलं आणि कोपऱ्यातली चादर बाजूला केली. खाली वहिनी बसल्या होत्या. म्हणजे काथ्या घालून केलेल्या प्लास्टरच्या वहिनी, आतून पोकळ, कमरेत वाकून बसलेल्या, उजवा पाय दुमडलेला, डावा पुढे लांब. खांदे अगदी त्यांचेच. डोक्याच्या जागी मात्र नुसता गुळगुळीत गोळा.

"जित्या माणसाची मूर्ती करू नये म्हणतात," मी म्हटलं.

"आखणी झाल्याबिगर ती मूर्ती नसते. निस्तं प्लास्टर हाय," पुंडलिक म्हणाला. पेणच्या बाजूला हा कायदा सगळ्यांना मान्य आहे, त्यामुळे मी पुढे वाद घातला नाही. माप घेतलंस का, एवढंच विचारलं. तो दुखावला. पस्तीस वर्षं डोळ्यांनी माप घेतोय, म्हणाला, दीड फुटाची मूर्ती सांगितली तर दीड फुटाचीच निघते. स्वतःच्या बायकोला सुतळी लावू?

मग सुरू झाली आमची वरात. पुंडलिकच्या पुतण्याच्या टेम्पोत मागे प्लास्टरच्या वहिनी, अंगावर जुनं पातळ, पुढे मी आणि पुंडलिक. खऱ्या वहिनींना यातलं काही सांगितलं नव्हतं. गाड्यांच्या कंपन्यांची नावं मी घेत नाही, माझा एक भाचा शोरूमला आहे. पण पहिल्या गाडीत पाय डॅशबोर्डला अडला. दुसरीत पाय गेला तर डोकं छताला लागलं. तिसरी आतून ऐसपैस होती, पण मी खाली झोपून पाहिलं तर चेसिस खाऱ्या हवेने खाल्लेली. खाडीकाठच्या गाडीचं हे नेहमीचं दुखणं. गाडी बघायला जाणारे लोक बॉनेट उघडून आत टक लावून उभे राहतात. काय बघतात ते त्यांनाही ठाऊक नसतं. जुनी फोर बाय फोर खालून बघायची असते, आणि चारही चाकांना जोर देणारा दुसरा लीव्हर टाकून चढावर चालवून बघायची असते. पुंडलिकला मी हे दहा वेळा सांगितलं. त्याचं लक्ष फक्त प्लास्टरच्या पायाकडे.

एका ठिकाणी विक्रेता पातळ नेसलेल्या वहिनींना नमस्कार करून पाणी विचारायला गेला. जवळ जाऊन त्याने तोंड पाहिलं, म्हणजे तोंड नाही हे पाहिलं, आणि पाण्याची बाटली तिथेच ठेवून मागे आला. मी हसून हसून बेजार झालो. पुंडलिकला हसू आलं नाही. पंचमीला दहाच दिवस उरले होते.

शेवटी आम्ही रोह्याला मुझम्मिलकडे गेलो. हा पोरगा, पोरगा म्हणजे चाळिशीचा, बारा वर्षं ओमानमध्ये वाळूत आणि डोंगरात गाड्या चालवून परत आलेला. कुंडलिका ओलांडून पुढे गेलं की त्याचं आवार लागतं. सात-आठ फोर बाय फोर कायम उभ्या असतात. त्याने प्लास्टरच्या वहिनींकडे पाहिलं आणि हसला नाही. "माझी आत्या, आमनाफुफू, गुडघेदुखीनं अशीच पाय लांब करून बसते," म्हणाला. मग स्वतः हात लावून पुतळा तीन गाड्यांत बसवला. तिसरी होती तीन दारांची, चकचकीत काळी. पुढची सीट पार मागे सरकवली, पुतळा ठेवला, दार ओढलं. खट्ट. दार लागलं.

पुंडलिकने ते दार चार वेळा उघडून लावलं. माझी तपासणी आधीच झाली होती; गाडी खालून चांगली होती. मुझम्मिल म्हणाला, "चाचा, विसार-बिसार काय नको. आधी मावशींना बसवून बघा. मीच आणतो गाडी जोह्याला." असा विकणारा मी आजवर पाहिलेला नाही. नागोठण्यावरून येताना पुंडलिक टेम्पोत माझ्याशेजारी चक्क शीळ घालत होता. पुढे काळ्या गाडीत, मुझम्मिलच्या मागच्या सीटवर, चादरीखाली प्लास्टरच्या वहिनी होत्या.

जोह्याला दारात गाडी थांबली. वहिनी बाहेर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, पदर खोचला आणि पाठमोऱ्या होऊन सीटवर टेकल्या. उजवा पाय आत घेतला. डावा दोन्ही हातांनी उचलून आत नेला. टाच पुढच्या पत्र्याला लागली, आणि कंबर अजून सीटच्या दाराकडच्या कडेलाच. पुंडलिकने दार ओढलं. लागलं नाही. सीट मागे आहे का पाहिलं, होती. पुन्हा ओढलं. तीन बोटं कमी.

"रोह्यात लागलं व्हतं," पुंडलिक म्हणाला.

"कुनाला बशिवलं व्हतं रोह्यात?" वहिनींनी विचारलं.

मी रस्त्याकडे बघायला लागलो. मुझम्मिलने बिचाऱ्याने खरं ते सांगून टाकलं आणि मागची चादर काढली. वहिनी खाली उतरल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या रागावल्या नाहीत. पुतळा आत कारखान्यात आणून ठेवायला लावला आणि स्टुलावर बसून त्याच्याकडे कारागिराच्या नजरेने बघत राहिल्या. मुझम्मिल अंगणातच चहा पीत थांबला.

मग वहिनींनी सुतळी मागितली. पुतळ्याच्या डाव्या पायाखालून, मांडीपासून टाचेपर्यंत ती ताणून धरली आणि गुडघ्याखाली दोन बोटं घातली. बोटं आरामात आत गेली.

"ह्यो पाय वाकलाय," त्या म्हणाल्या.

"नाय गो. सरळच केलाय मी."

"बोटं घाला."

पुंडलिकने बोटं घातली, आणि तो तिथेच खाली बसला. पस्तीस वर्षं त्याने मांडी घातलेले गणपती केले. सरळ पाय त्याच्या हाताखालून कधी गेलाच नव्हता. प्लास्टर ओलं असताना हाताने सवयीने गुडघा जरासा उचलला, आणि डोळ्यांना ते खटकलं नाही. तेवढ्याने तीन बोटं चोरली. मी हे सगळं बोलूनही दाखवलं, वातावरण हलकं करावं म्हणून. "हाताची सवय, वहिनी," मी म्हटलं.

"हाताची नाय, भावजी. यांना माझा पाय अजून वाकताना दिसतो."

 पुंडलिक जमिनीकडे बघत म्हणाला, "त्या फळीवर मूर्त्यांची एक वळ जास्ती मी ठेवली व्हती." आठ वर्षांत हे त्याने मलाही सांगितलं नव्हतं.

"कंची वळ?"

"सकाळी. रंग आनायला पेनला गेलो त्याच्या आदी. फळीला झेपनार नाय, मना कळत व्हतं. तरी ठेवली."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. "ती तर मी दुपारीच उतरवली," त्या म्हणाल्या. "फळी करकरत व्हती. मग मागल्या भिंतीनं पानी आत आलं, म्हनून खालच्या मूर्त्या मीच उचलून वर ठेवल्या. दोन वळी. तुमची एक काढली आन माझ्या दोन ठेवल्या."

"मग बोललीस का नाय?"

"मना वाटलं तुमाला ठाव हाय. ऐन श्रावनात एवढं नुस्कान झालं, तरी तुमी एका शब्दानं बोललं नाय. मी मनात म्हटलं, मानूस मोठ्या मनाचा हाय, कशाला उगाच इषय काढा."

मी छताकडे बघत होतो. हसावं की काय करावं ते कळेना. आठ वर्षं दोघांनी एकमेकांचं गप्प राहणं आपल्यावरचे उपकार म्हणून सांभाळलं होतं. पुंडलिकच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग त्याला हसू फुटलं, आणि वहिनीही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. तो माणूस पाठीवरून पोतं उतरवल्यासारखा ताठ उभा राहिला आणि त्याने मुझम्मिलला आत बोलावलं आणि घरात दुसरा चहा टाकायला सांगितलं.

चहा पिताना वहिनीच म्हणाल्या, "माप माझं हाय, मीच येते रोह्याला." गाडी दारातच आणायची ही अट त्यांनी स्वतःच मोडली. दुसऱ्या दिवशी आम्ही पेणहून दुपारची रोह्याची आगगाडी पकडली. त्या वेळेला डबा निम्मा रिकामा असतो. वहिनी बाकावर पाय लांब करून बसल्या आणि समोरच्या बाईने डोळे विस्फारून पाहिलं तेव्हा तिला म्हणाल्या, "वाकत नाय. बस की तू, जागा हाय."

मुझम्मिलच्या आवारात त्यांनी एकेका गाडीत बसायला सुरुवात केली. कामगार बघत होते, बघू दिलं. चौथी गाडी कोपऱ्यात होती, आम्ही कोणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. कुठल्याशा कंपनीने वापरून काढलेली, पाच दारांची, उंच, रंग उडालेला हिरवा, उजव्या दाराला पोचा. वहिनी बसल्या. पाय आत गेला. दार लागलं. पुंडलिकने काचेतून विचारलं, "अडतंय काय गो?"

"बोटं हलतात," त्या म्हणाल्या. आम्ही वाकून पाहिलं. डाव्या पायाची पाचही बोटं पत्र्यापासून चांगली दूर, मोकळी हलत होती. मुझम्मिल म्हणाला, "काळ्या गाडीच्या निम्म्या किमतीलाही कोणी विचारत नाय हिला, मावशी." वहिनी म्हणाल्या, रंगाचं सोड, रंगाची माणसं आम्ही आहोत. मी खाली झोपलो. चेसिस कोरडी ठणठणीत, दुसरा लीव्हर लोण्यासारखा पडणारा. मुझम्मिलने दाराखाली एक रुंद पायरी वेल्डिंग करून दिली आणि पंचमीच्या आदल्या दिवशी गाडी जोह्याला आली.

पंचमीला सकाळी मीच चालवायला बसलो. पुंडलिक मागे, मांडीवर आहेराची पिशवी. पुढे वहिनी, नवं लुगडं, पाय लांब. डांबर संपलं तिथे मी थांबलो, दुसरा लीव्हर टाकला आणि एसटीच्या नियमाप्रमाणे घंटा मारायला सांगितली. वहिनींनी काचेवर दोनदा टकटक केली. पहिला ओढा पाण्यातून, दुसरा गोट्यांवरून. चरांमध्ये गाडी डावीकडे कलली तेव्हा वहिनींनी वरचा दांडा धरला, पण डोळे मिटले नाहीत. चार वर्षांपूर्वी खुर्चीतून त्यांना फक्त आभाळ आणि माणसांच्या माना दिसल्या होत्या. आता त्या काजूची झाडं मोजत होत्या, ही साईराजची का, ती कुणाची, असं विचारत होत्या. पुंडलिक मागून उत्तरं देत होता, निम्मी चुकीची.

वाडीच्या तोंडाशी तीच म्हातारी होती की दुसरी, मला माहीत नाही. तिने काचेत डोकावून विचारलं, "कोन आलं गो?"

"पूजाची आई," वहिनी म्हणाल्या.

पूजा अंगणात उभी होती. आई पायरीवरून स्वतः उतरली तेव्हा ती पुढे धावली नाही. हात जोडून तिथेच थांबली, कारण आईला आधार दिलेला चालत नाही हे तिला ठाऊक होतं. मग मात्र दोघी मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आत वहिनींनी एकेक खोली पाहिली, ओट्याची उंची हाताने चाचपून पाहिली, आणि उभ्यानेच गॅस पेटवला. दूध वर आलं, पातेल्याच्या काठावरून शेगडीवर सांडलं, आणि पूजा रडत रडत पुसायला गेली तर तिला थांबवलं. राहू दे थोडा वेळ, म्हणाल्या. पुंडलिक बाहेर येऊन माझ्याशेजारी गाडीला टेकून उभा राहिला. "सुटलो रे हरेश," तो म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं.

त्यानंतर आठवड्याने मी जोह्याला गेलो. कारखान्यात पुतळा आडवा होता. डावा गुडघा करवतीने कापून पुंडलिकने पाय पुन्हा जोडला होता. सांध्यावरचं प्लास्टर अजून ओलं, काळपट दिसत होतं. कापायला दोन दिवस हात धजावत नव्हता, त्याने सांगितलं. त्याने वहिनींना हाक मारली. त्या आल्या, सुतळी पायाखालून ताणून धरली आणि गुडघ्याखाली बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही.

"आता ह्यो माझा पाय," त्या म्हणाल्या.